विझण्याचा कोन

खडकांच्या विभागात दोन मजले होते आणि दोन पंथ. तळमजल्यावर अग्निजन्यवाले, वर रूपांतरितवाले. तळमजल्याची श्रद्धा अशी, की जगात जे जे घट्ट आहे ते कधीतरी वितळून वाहत होतं आणि मग थंड होऊन बसलं. वरच्या मजल्याचं म्हणणं, वितळायची गरजच नसते. दाब पुरेसा असला आणि सवड भरपूर असली, की घन खडक घनच राहून आतून दुसरा होतो आणि शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे दोन्ही मजल्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कबूल करणं यांच्यामध्ये एक जिना असतो, आणि तो कोणी चढत-उतरत नसे. चहाचं यंत्र कुठल्या मजल्यावर ठेवायचं यावर एकमत होईना, म्हणून ते जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवलं होतं. तिथे दोन्ही पंथांचे लोक एकमेकांकडे पाठ करून चहा पीत.

तळमजल्याचे पीठाधीश हेच विभागप्रमुख. खडकाची भुकटी करून ती भट्टीत वितळवायची आणि पुन्हा थिजवून काय तयार होतं ते पाहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. विद्यार्थी त्यांना भट्टीसर म्हणत आणि त्यांचा स्वभाव पाहता नाव वाया गेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे शिकंजासर. हे कधी आवाज चढवत नसत. ते नुसते तुमच्या शेजारी येऊन उभे राहत, आणि थोड्या वेळाने तुम्ही त्यांना हवं ते म्हणत असायचात.

या दोघांच्या मध्ये ताई सापडली होती.

ताई म्हणजे विभागातली सगळ्यात वयस्क संशोधक विद्यार्थिनी. शाळेत बरीच वर्षं शिकवून, लग्नबिग्न उरकून, पुन्हा शिकायला आलेली. बरोबरची पोरं तिला ताई म्हणायची, ते ऐकून कारकूनबाई म्हणायला लागल्या, आणि शेवटी शिक्षकही. आपल्याच गुरूने आपल्याला ताई म्हणावं यात मान किती आणि थट्टा किती, याचा हिशोब तिने सोडून दिला होता.

तिचा खडक पट्टेरी होता. काळा पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा काळा. एका लांबलचक टेकाडाचा सगळा कणा या एकाच खडकाचा. प्रबंधाचा प्रश्न असा, की हे पट्टे आले कुठून. खडक वितळलेला असताना वाहिला म्हणून, की थिजल्यावर दाबला गेला म्हणून? मार्गदर्शक शिकंजासर, म्हणजे उत्तर दाब. समितीत भट्टीसर, म्हणजे उत्तर प्रवाह. सासर आणि माहेर एका टेबलाला बसवून 'मीठ बरोबर आहे ना?' असं विचारण्यातला प्रकार. तिची नोंदणी वाढवून वाढवून इतकी ताणली होती, की आता कारकूनबाईंनीच हात जोडले होते. या सत्राअखेर तोंडी परीक्षा झाली तर पदवी, नाहीतर सगळं रद्द. अर्धं आयुष्य दगड पाहण्यात गेलं आणि हाती दगडच आले, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात.

खडक पाहायचा म्हणजे काय करायचं, हे ताईच्या नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं, कारण ते त्याच्या धंद्यातलं होतं. तो चष्मेवाला. उन्हात चकाकी कापणारे गॉगल त्याच्या दुकानात असत. अशी दोन भिंगं एकावर एक धरून एक आडवं फिरवलं, की दोन्ही मिळून काळीकुट्ट होतात. आता मध्ये साधी काच सरकवा, बोट घाला, काही फरक नाही. काळं ते काळं. पण मध्ये स्फटिक आला तर तो त्या काळोखात आपल्या आपण रंगीत उजळतो. ताईच्या सूक्ष्मदर्शकात हेच. खडकाची चकती काचेला चिकटवून ती कागदाहून पातळ होईपर्यंत घासायची, दोन भिंगांमध्ये ठेवायची आणि गोल फिरवायची. फिरता फिरता प्रत्येक कण एका ठरावीक कोनात काळा पडतो. विभागात त्याला 'विझला' म्हणत. खडकातले कण वाटेल तसे पडलेले असतात, म्हणून प्रत्येकाची विझण्याची वेळ वेगळी. संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या खिडक्या विझाव्यात तसं. इथला अभ्यास संपला, तिथलं भांडण संपलं, पलीकडे मुळात काही सुरूच नव्हतं.

त्या सकाळी ताईने एक स्लाइड फिरवली आणि सगळे कण एकदम विझले.

तिला वाटलं, वीज गेली. पंखा तर फिरत होता. तिने चकती आणखी थोडी फिरवली. सगळे एकदम पेटले. पुन्हा फिरवली, पुन्हा एकदम काळोख. गारगोटीचे कण, अभ्रकाचे पापुद्रे, फेल्स्पार खनिजाचे चौकोन, ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही ते सगळे एकाच क्षणी. जणू कोणी मुख्य बटण खाली ओढलं.

तिने ती स्लाइड आधी वर दाखवली. शिकंजासर बराच वेळ पाहत राहिले आणि समाधानाने म्हणाले, दाब. मग खाली दाखवली. भट्टीसरांनी डोळा लावला, लगेच काढला आणि म्हणाले, प्रवाह. ओढ्यातले ओंडके बघा, सगळे कसे एका रांगेला लागतात. एकाच स्लाइडवर दोन्ही मजले खूश झाल्याचं विभागाच्या इतिहासात आठवत नव्हतं. ताईने तेव्हाच घाबरायला हवं होतं, पण ती खूश झाली. माणूस आहे.

कोन लिहून ठेवायची तिला सवय होती. प्रत्येक स्लाइडच्या कडेला एक खाच असते. टेकाडावर खडक फोडण्याआधी होकायंत्र लावून त्याच्यावर उत्तरेचा बाण काढायचा, मग चकती कापताना त्या बाणाची खूण म्हणून काचेवर खाच पाडायची. दगडाला दिशा विचारल्याशिवाय उचलायचं नाही, हा शिकंजासरांचा पहिला नियम. तर खाचेपासून किती कोनात सगळं विझतं ते तिने लेबलावर पेन्सिलीने लिहिलं. सुट्टी संपवून आली, पुन्हा पाहिलं, तर कोन दुसराच.

आधी तिने यंत्राला दोष दिला, मग डोळ्यांना, मग वयाला. खातरजमा करायला तिने पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवायची ग्रॅनाइटची स्लाइड काढली. कुठल्या दूरच्या खाणीतला दगड, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी जांभया देत पाहिलेला. त्यातले कण जगातल्या कुठल्याही बाजारातल्या लोकांइतके अस्ताव्यस्त. तिने ती फिरवली. आणि भरल्या बाजारात सगळ्यांनी एकाच श्वासाला गप्प व्हावं, तशी ती स्लाइड विझली.

ताई उठली आणि तिने हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं.

मग तिने शिकल्या माणसासारखं केलं, म्हणजे प्रयोग. पेटीतल्या स्लाइडी खिडकीच्या कठड्यावर मांडल्या, एक अशी, एक तशी, एक तिरपी. चिकटपट्टीने डकवून टाकल्या. आठवड्याने पाहिलं तर काचा जागच्या हलल्या नव्हत्या, चिकटपट्टीवर धूळही नीट बसलेली होती. पण आतले कण वळले होते. प्रत्येक चकतीत, कुठेही तडा न जाता, सगळे एकाच दिशेला.

कण असे का लागतात ते वरच्या मजल्यावर पहिल्याच तासाला शिकवतात. ओल्या मातीत टिकल्या मिसळा आणि फळीने दाबा. टिकल्या दाबाला सामोऱ्या होऊन सपाट पडतात, पाठ नाही, कड नाही, सगळं अंग देऊन. म्हणून टिकल्यांकडे पाहून दाब कुठून आला ते सांगता येतं. ताईला ते सांगता येत होतं. किंबहुना दुसरं काहीच तिला येत नव्हतं. तिने स्लाइडी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या. कारकूनबाईंच्या कुंडीमागे, ग्रंथालयात, चहाच्या यंत्रावर. आणि आग लागल्यास पळायचा जो नकाशा जिन्यात टांगला होता, त्याच्यावर प्रत्येक खोलीतून एकेक रेघ ओढली.

भट्टीसरांच्या खोलीत रेघा मिळाल्या असत्या तर तिला मुळीच नवल वाटलं नसतं. दाब तिथून येतो हे झाडूवालीलाही माहीत होतं. पण रेघा भट्टीसरांच्या खोलीतून आरपार गेल्या आणि पलीकडे सभागृहात मिळाल्या.

सभागृह म्हणजे एक लांब टेबल, भोवती खुर्च्या, पश्चिमेला मोठी खिडकी आणि भिंतीवर आजवरच्या विभागप्रमुखांच्या तसबिरी. नेमणुका तिथे होत, बढत्या तिथे होत, निरोपसमारंभ आणि तोंडी परीक्षा तिथेच. त्या खोलीत आजवर कोणी काही शोधून काढलं नव्हतं. बाहेर शोधलेलं तिथे मंजूर व्हायचं. ताई भर दुपारी आत जाऊन उभी राहिली. काही आवाज नाही, गारवा नाही, वास आला तो लाकडाला लावायच्या तेलाचा. तिने तसबिरी पाहिल्या. सगळ्यात जुने प्रमुख खिडकीबाहेर पाहत होते, त्यांच्या पुढचे स्वतःच्या हातातल्या दगडाकडे, एकजण तर छायाचित्रकारावर रागावलेला. जसजसं पुढे यावं तसतशा माना एका बाजूला होत गेल्या होत्या. शेवटच्या पाचसहा जणांचे खांदे एकाच कलात होते. पट्टीने आखावेत तसे.

बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं, की टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीला ती सामोरी उभी होती, हात अंगालगत सरळ. अशी उभी राहायचं तिने ठरवलं नव्हतं.

त्यानंतर तिला माणसं दिसायला लागली. नवीन आलेली पोरं खुर्चीवर कशीही बसत, उलटी, मांडी घालून, टेबलावर पाय टाकून. दोनतीन वर्षं झालेली जरा सावरून. आणि जुनी मंडळी, कुठल्याही खोलीत, कुठल्याही मजल्यावर, सभागृहाकडे छाती करून. कारकूनबाईंचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं, म्हणून त्या दिवसभर मान वळवून टंकलेखन करत आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून खिडकीला दोष देत. चहाच्या यंत्रापाशी दोन्ही पंथ एकमेकांकडे पाठ करून उभे असत असं सगळ्यांना वाटायचं. ताईने नीट पाहिलं. पाठ कोणीच केली नव्हती. ते सगळे एकाच दिशेला तोंड करून एकामागे एक उभे होते.

आणि घरी नवरा कधीपासून एकच विनोद करत होता. ताई पलंगावर सरळ निजते आणि सकाळी आडवी सापडते, आणि त्याच्या वाट्याला कोपरा उरतो. मी मुळात कडेचाच माणूस, असं तो दुकानात येणाऱ्यांना सांगे. तिला सरळ करावं तर पहाटेपर्यंत पुन्हा तिरपी. पूर्वी ती हसायची. आता तिने एका सकाळी होकायंत्र आणलं, उशी जिथे चेपली होती तिथपासून पायांच्या सुरकुत्यांपर्यंत सुतळी ताणली आणि दिशा वाचली. कूस विभागाकडे. अंग आडवं, पूर्ण सामोरं. टिकलीसारखं.

त्याच सुमारास सभागृहाच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन चित्रं दाखवायच्या पडद्यावर येतं अशी भट्टीसरांनी तक्रार केली, आणि काम आपसूक चष्मेवाल्याकडे आलं. त्याने चकाकी कापणारा पातळ पापुद्रा आणून काचांवर चिकटवला. रुंदी पुरेना, म्हणून पट्ट्या उभ्याऐवजी आडव्या लावल्या. घरी येऊन म्हणाला, तेवढी एक गंमत झाली आहे, माझ्या दुकानातला गॉगल घालून पाहिलं तर तुमची खिडकी काळी ठार दिसते. पण सभेत गॉगल कोण घालतंय? काम चारपाच दिवस चाललं. पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो तिच्या शेजारी, तिच्याशी अगदी समांतर, तिरपा झोपलेला होता. कोणाचा धक्का कोणाला लागत नव्हता.

"आपलं जमायला लागलं हं," तो जागा होऊन म्हणाला. खूश दिसला.

ताई त्याच दिवशी शिकंजासरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. स्लाइडी, कठडा, नकाशा, सगळं. पलंगाचं तेवढं सांगितलं नाही. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांची खुर्ची टेबलाशी तिरकी होती, कुठल्या बाजूला ते सांगायला नको. सगळं ऐकून झाल्यावर ते आपल्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाले,

"टेकाडावर होकायंत्र वाचताना तुमचा हातोडा कुठे होता, ताई?"

ही चूक फक्त या धंद्यातलीच माणसं करतात. हातोडा लोखंडी, होकायंत्राची सुई त्याच्याकडे ओढली जाते. म्हणून दिशा वाचण्याआधी कमरेचा हातोडा सोडून दहा पावलं लांब ठेवायचा, हे नवशिक्या पोराला शिकवतात, आणि तो विसरला की वर्षभर त्याला कोणी ना कोणी 'उत्तर कुठे आहे?' असं विचारतं. ताई स्वतः ते पोरांना शिकवायची.

"लांब ठेवला होता."

"कमरेला असेल."

"सर, त्या स्लाइडी खिडकीत होत्या. खिडकीला कंबर नसते."

शिकंजासर हसले. विनोद त्यांना कळायचा, हे एक त्यांचं बरं होतं. मग ते उठून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"समितीला खिडकी नको असते. समितीला चूक हवी असते. माणसाची चूक असली तर माणसाला माफ करता येतं. खडकाची असली तर माफ कोणाला करायचं? वितळणं सोपं असतं, ताई. वितळणाऱ्याला कळतं तरी की आपलं काहीतरी झालं. दाबाखाली बदलणाऱ्याला वाटत राहतं, आपण तेच आहोत. मी हे पाहिलं तेव्हा तुमच्याहून लहान होतो. मलाही विचारलं होतं, हातोडा कुठे होता."

तिने विचारलं नाही, तुम्ही काय म्हणालात. ते प्राध्यापक होते, यात उत्तर आलंच.

प्रबंधातून खिडकीवरच्या प्रयोगाचं प्रकरण वगळलं गेलं. दिशा इतक्या एकसारख्या का, याबद्दल एक वाक्य मोकळं ठेवलं गेलं, ते तोंडी परीक्षेत सांगून भरायचं. ताईने स्वतःशी एक ठरवलं होतं. समितीत एक बाहेरचे परीक्षक असतात, या इमारतीत कधी पाय न ठेवलेले. त्यांनी विचारलं तर खरं सांगायचं. पदवी गेली तर गेली. आपण पाहिलेलं आपण पाहिलं असं एकदा एका माणसासमोर म्हणायचं. नाही विचारलं तर प्रश्नच मिटला.

बाहेरचे परीक्षक परीक्षेच्या दिवशीच सकाळी आले. गुटगुटीत, घाईचे, केस विस्कटलेले. आल्या आल्या त्यांनी जिन्यातल्या चहाला नावं ठेवली, तसबिरींतल्या एकाच्या मिशांना हसले आणि खुर्चीवर असे तिरपागडे बसले, की ताईला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एक पाय दुसऱ्यावर, कोपर पाठीवर, तोंड खिडकीकडे, तर पोट दाराकडे. तासभर त्यांनी तिला चांगली सोलून काढली. प्रश्न सरळ होते आणि तिला सगळ्यांची उत्तरं येत होती. मध्येच त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडून वर धरलं.

"हे मला पटत नाही. एवढ्या मोठ्या टेकाडात दिशा इतक्या एकसारख्या? निसर्गाला इतकी शिस्त नसते हो, बाई. काय भानगड आहे?"

ताईने तोंड उघडलं. दार उघडून चहा आला.

नाहीतर चहा जिन्यातच प्यायची पद्धत, पण पाहुण्यांसाठी तो टेबलावर आणला होता. भट्टीसर भट्टीच्या तापमानाबद्दल बोलले, शिकंजासर हवेबद्दल. परीक्षकांनी एक पाय खाली घेतला. बिस्किट घेताना दुसरा. मग खुर्ची टोचतेय असं काहीतरी पुटपुटत त्यांनी ती जराशी सरकवली, पुन्हा जराशी, आणि तिसऱ्यांदा सरकवल्यावर त्यांना आराम वाटलेला दिसला. हात अंगालगत आले. केस तेवढे विस्कटलेलेच होते.

ऊन खिडकीत आलं होतं. ताईचं डोकं दुखत होतं. सूक्ष्मदर्शकाने ते नेहमीच दुखायचं, त्यासाठी पर्समध्ये नवऱ्याने दिलेला गॉगल असे. तिने परवानगी विचारून तो घातला. खिडकी काळी ठार झाली. नवऱ्याने सांगितलं होतंच.

खिडकीपुढे तीन माणसं बसली होती. तीही काळी दिसायला हवी होती. दोन भिंगांच्या मध्ये बोट घातलं तर काळंच राहतं.

शिकंजासर उजळले होते. आधी राखी, मग पिवळट, गळ्यापाशी अभ्रकासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा हिरवा-गुलाबी. भट्टीसर जांभळे आणि नारिंगी, मोठ्या सपाट कणांचे, कणाला कण घट्ट भिडलेला, मध्ये फट नाही. दोघांत तिला काही फरक करता येईना, आणि फरक करणं हेच तर ती इतकी वर्षं शिकली होती. वितळून आलेलं की दाबून आलेलं, शेवटी दिसतं सारखंच. बाहेरच्या परीक्षकांची फक्त कड उजळली होती. बारीक, पांढरी, आत सरकत येणारी. मधला सगळा भाग अजून काळा होता. माणसासारखा काळा.

"तर, दिशांबद्दल विचारत होतो," परीक्षक म्हणाले. आवाज हलका झाला होता. "हातोडा कुठे होता तुमचा?"

त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. दोघे सर टेबलावरून उठलेले नव्हते.

ताईने त्यांच्या मधल्या काळ्या भागाकडे पाहिलं. तो अजून बराच होता. त्याला सांगता आलं असतं. खिडकी, चिकटपट्टी, धूळ, नकाशा, दोन मिनिटांचं काम. तिच्या मनात शाळा आली, नोंदणीच्या तारखा आल्या, कारकूनबाईंनी जोडलेले हात आले, 'दगडच हाती आले' म्हणणारे आले. कोणी तिच्यावर ओरडत नव्हतं. शिकंजासरांनी मान नुसती किंचित कलती केली, शेजारी येऊन उभं राहावं तशी.

"कमरेला," ताई म्हणाली.

परीक्षकांचा काळा भाग भरून आला. शेवटचा ठिपका छातीच्या जरा डावीकडे होता. तो गेला आणि ते प्रसन्न हसले, म्हणाले, होतं असं, सगळ्यांचं होतं. भट्टीसर म्हणाले, प्रवाह आणि दाब दोन्ही मानायला आपली हरकत नाही. शिकंजासर म्हणाले, आपलीही नाही. विभागाच्या स्थापनेपासून जे झालं नव्हतं ते चहाच्या कपांवर साय धरायच्या आत झालं. एकमताने, असा शब्द भट्टीसरांनी स्वतः उच्चारला आणि सहीचा कागद मध्ये ओढला.

तिघे सहीसाठी वळले. तिघे एकदम, एकाच बाजूला, एकाच कोनात. आणि तिघे एकदम विझले.

काळ्या खिडकीपुढे नुसता काळोख होता. त्यात पेनाची कुरकुर ऐकू येत होती, तीन पेनांची, पण कुरकुर एकच.

मग खुर्च्या सरकल्या, अभिनंदन झालं, हात पुढे आले, ते तिने घेतले. हात कोरडे आणि सपाट होते. सगळे जिन्याकडे गेले. तळमजल्याचे आणि वरचे एकाच गप्पांत होते आणि बाहेरचे परीक्षक चहाची स्तुती करत होते. ताई सभागृहात एकटी उरली. गॉगल डोळ्यांवर होता, खिडकी समोर होती, हात टेबलावर होता. तो उचलून खिडकीसमोर धरायला काहीच लागत नव्हतं. हातातला दगड पाहिल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, असं तिने किती पोरांना सांगितलं होतं. तिने आधी गॉगल काढला, तो पर्समध्ये घातला, आणि मग हात उचलला. हात नेहमीसारखा होता.

ती खिडकीला पाठ करून, दाराकडे तोंड करून उभी राहिली. पर्स बंद करत असताना दारात नवरा आला, दुकान अर्ध्या दिवसावर बंद करून, स्वतःच्याच दुकानातला गॉगल डोळ्यांवर. बाहेरच्या उन्हातून आला होता, काढायचा विसरला असणार. मुहूर्ताला साजेसा विनोद तो वाटेत जुळवत आलेला असणार, तो त्याच्या ओठांवर दिसत होता.

"काय मग, डॉक्टरीणबाई, आता तरी पलंगावर मला..."

तो मान थोडी पुढे काढून तिच्याकडे पाहत राहिला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काही वेगळं दिसलं की दुकानात पाहतो तसा, घाबरवायचं नाही अशा बेताने.

"जरा वळ बघू," तो म्हणाला.

ताई वळली. कुठल्या बाजूला, हे तिला विचारावं लागलं नाही.